सहा बाय चारचा समुद्र

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला. लग्नानंतर, कोकणात, आणि तोही पाऊण तास, कारण बस सुटायची होती. छापला मात्र इतक्या वेळा की देवमासा कुठं ठेवायचा आणि प्राचार्य कुठं ठेवायचे, हे डोळे मिटून सांगेन.

माझं फ्लेक्सचं दुकान आहे, नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की दुकान ओळखायला कुणाला वेळ लागणार नाही, आणि पुढं जे सांगायचंय त्यावर स्वतःची पाटी लावण्याइतका मी धीट नाही. दुकानात आम्ही दोघंच. बायको कॉम्प्युटरवर डिझाइन करते, मी मशीन चालवतो, कापतो, रिंगा ठोकतो आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतो.

लग्नसराई आणि निवडणुका ही आमची सुगी. मधल्या कोरड्या महिन्यांत दुकान चालतं ते दिनांवर. जल दिन, वसुंधरा दिन, पर्यावरण दिन, ओझोन दिन. वरून पत्र येतं, दिन साजरा करा आणि फोटो पाठवा. फोटोत मागं फ्लेक्स नसेल तर दिन झाला असं कुणी धरतच नाही. जूनमध्ये महासागर दिन असतो आणि सप्टेंबरात किनारा स्वच्छता दिन. आमच्या गावापासून कोणताही किनारा रेल्वेनं रात्रभराच्या अंतरावर, पण पत्राला त्याचं काय? पत्र सगळीकडे सारखंच येतं.

गावच्या कॉलेजात या सगळ्या दिनांचं काम एका सरांकडे होतं. माणूस सज्जन, पण फोटोच्या बाबतीत फार हळवा. त्या वर्षी महासागर दिनाचं डिझाइन बघायला ते दुकानात आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "भाऊ, समुद्र लई झाला. प्राचार्यांचा फोटो बारीक दिसून राहिला. समुद्र जरा कमी करा."

बायको स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, "सर, समुद्र कमी केला तर वाचवायचं काय मग?"

सर हसले, मीही हसलो, आणि समुद्र कमी केला. वर कासव, खाली देवमासा, उजवीकडे प्राचार्य आणि संस्थेचे चार पदाधिकारी, एकेक फूट. मधल्या ओळी माझ्या. मला असलं लिहायची हौस आहे. 'नाल्यातला कचरा नदीत, नदीतला कचरा समुद्रात. टाकण्यापूर्वी थांबा.' सरांना त्या इतक्या आवडल्या की त्यांनी भाषणातही वापरल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. समुद्राचा फ्लेक्स छापायला सगळ्यात त्रासाचा. लग्नाच्या फ्लेक्सवर फुलं, झालरी, चेहरे यांची एवढी गर्दी असते की छपाईत थोडं खालीवर झालं तरी कुणाला दिसत नाही. समुद्र म्हणजे सहा बाय चारचा सलग निळा. मशीनचं निळ्याचं हेड जरा तुंबलं की पांढऱ्या रेघा येतात आणि त्या लांबूनही दिसतात. त्या वर्षी सरांचा समुद्र तिसऱ्या वेळी जमला. पहिले दोन वाया गेले. म्हणजे समुद्र वाचवायचा एक फ्लेक्स टांगायला मी प्लास्टिकचे तीन छापले होते.

वाया गेलेल्याचं करायचं काय? भंगारवाला फ्लेक्सला हात लावत नाही. घंटागाडीवाला एवढी मोठी भेंडोळी बघून तोंड वाकडं करायचा. एकदा मागं जाळून पाहिलं तर शेजारच्या दवाखान्यातून डॉक्टर स्वतः खोकत आले. राहिला नाला. तो दुकानाच्या मागच्या दाराला लागूनच वाहतो. मी हुशारी अशी केली की अख्खा फ्लेक्स न टाकता त्याच्या आडव्या, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायचो. बारीक असल्या की अडकणार नाहीत, पाण्याबरोबर सुळसुळत जातील, असा माझा हिशेब. दुकान बंद करताना कोपऱ्यातली दिवसभराची कातरण आणि त्या पट्ट्या मागच्या दारानं खाली सोडायच्या, हात झटकायचे, शटर ओढायचं. पाच-सहा वर्षं हेच चाललं होतं.

बायको एकदा म्हणाली, "अहो, तुम्हीच लिहिता ना ते, नाल्यातला कचरा नदीत म्हणून?"

"ते लोकांसाठी लिहितो," मी म्हणालो. "आपला नाला कुठं आणि समुद्र कुठं."

नाला कुठं जातो ते मला चांगलं माहीत होतं. नाला नदीला मिळतो, नदी गोदावरीला, गोदावरी धर्माबादच्या पुढं तेलंगणात शिरते आणि तिथून समुद्राला. हा नकाशा मीच एका शाळेला छापून दिला होता, बाणांसकट.

नाल्याच्या खालच्या अंगाला, लहान पुलाला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये चाचांचं गादीचं दुकान होतं. चाचा साठीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांपासून तिथं गाद्या भरल्या जात. हदगावकडचा कापूस यायचा, तो पिंजायचा, खोळीत भरायचा, मग मोठ्या सुईनं टाके. गावातल्या निम्म्या नवऱ्यामुली त्यांच्याच गादी-रजया घेऊन सासरी गेल्यात. माझ्या बायकोला माहेरून आलेली गादीही त्यांच्याच हातची. सकाळी अकराला ते चहाला माझ्याकडे यायचे. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी बोलायचे अगदी झकास, पण मराठी अक्षराशी त्यांचं जमलं नाही ते नाहीच. म्हणून लाइटबिल असो की बँकेचा कागद, ते खिशातून काढून माझ्यापुढं ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा भाऊ, काय म्हणून राहिलाय ह्यो."

त्या सप्टेंबरात चाचा लातूरला गेले होते. त्यांची मुलगी तिथं दिलेली. तिचं पहिलंच बाळंतपण, ते अवघड झालं आणि चाचा-चाची दहा दिवस दवाखान्यातच अडकले. शेड कुलपात होती. आत लग्नाच्या ऑर्डरीच्या गाद्या तयार करून रचून ठेवलेल्या.

त्यातल्या एका मंगळवारी दुपारी पाऊस झाला. तीन-साडेतीन तास, पण असा की समोरचा रस्ता दिसेना. नाला भरला, पुलाखालून पाणी पुढं जाईना आणि मागं फुगत आलं. माझं दुकान चढावर, माझ्या पायरीलासुद्धा लागलं नाही. खालच्या चार दुकानांत गुडघाभर शिरलं. किराणावाल्याची तांदळाची पोती भिजली. चाचांच्या शेडचं दार पाण्याच्या जोरानं आत कोसळलं, गाद्या फुटल्या, आणि कापूस तरंगत बाहेर आला. संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा सगळा नाला वरून पांढरा दिसत होता.

लोकांनी तेच पाहिलं. गादीवाल्याच्या कापसानं नाला तुंबवला. तासाभरात ही गोष्ट सगळ्या बाजारात पक्की झाली. कापूस पाणी शिरल्यावर बाहेर आला, तो आधी नाल्यात नव्हता, एवढं साधं कुणाच्या डोक्यात येईना. माझ्या आलं होतं. मी बोललो नाही. लोक चिडलेले आहेत, उद्या शांत झाल्यावर बोलू, असं स्वतःला सांगितलं. उद्या बोललो नाही.

गुरुवारी खालचे दुकानदार माझ्याकडे आले. पालिकेला निवेदन द्यायचं होतं आणि गावात निवेदनं टाइप होतात ती आमच्याच दुकानात. 'नाल्याकाठचा गादी कारखाना कायमस्वरूपी हलविण्याबाबत.' किराणावाला सांगत होता, बायको टाइप करत होती. मधेच ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी प्रिंटरमध्ये कागद भरत होतो. तिनं पुढं टाइप केलं.

प्रिंट निघाली, सह्या सुरू झाल्या. किराणा, औषधवाला, चपलावाला. मग पेन माझ्यापुढं आलं. "तुमची करा की. तुम्ही शिकलेले, तुमच्या सहीला वजन हाय." मी म्हणू शकलो असतो की माझ्या दुकानात पाणी शिरलं नाही, माझा काय संबंध? तेवढंही म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी चौथी सही केली, नेहमीसारखी, खाली रेघ ओढून.

शनिवारी किनारा स्वच्छता दिन आला. सरांनी यंदा डोकं लावलं होतं: आपल्याला किनारा नाही, तर नाला हाच आपला किनारा. वर्तमानपत्रात नाला तुंबल्याची बातमी होतीच, म्हणजे फोटो नक्की छापून येणार. फ्लेक्स माझाच. पुलावर पन्नासेक मुलं पांढऱ्या टोप्या घालून, सर, प्राचार्य, आणि खाली नाल्यात पालिकेचे दोन कामगार. मुलांनी कडेच्या बाटल्या वेचायच्या आणि तुंबलेलं कामगारांनी काढायचं, अशी वाटणी होती. मी फ्लेक्सच्या दोऱ्या बांधत होतो. चाचा आदल्या दिवशीच परतले होते. शेडसमोर दोन बाजा टाकून ते आणि चाची भिजलेला कापूस हातानं सुटा करून उन्हात पसरत होते. त्या कापसाला वास यायला लागला होता.

खालच्या कामगारानं पुलाखाली लोखंडी आकडा घातला आणि ओढला. येईना. दुसऱ्यानं हात लावला. मग ते बाहेर आलं. कापूस नव्हता. एकमेकींत गुंतलेल्या, पीळ बसलेल्या शेकडो पट्ट्या, मांडीएवढा जाड दोरखंडच, आणि त्यात अडकलेलं गाळ-कचऱ्याचं लोढणं. पट्ट्या बारीक केल्यामुळं त्या वाहून जातील ही माझी हुशारी. बारीक केल्यामुळंच त्या एकमेकींत विणल्या गेल्या होत्या. चिखल ओघळला तसा खालचा निळा रंग दिसायला लागला. एका पट्टीवर 'महासा' एवढीच अक्षरं होती. दुसरीवर प्राचार्यांचा एक कान आणि अर्धा चष्मा. कोपऱ्यात पडून राहिलेले जूनचे ते दोन समुद्र मी पावसाच्या दोन-चार दिवस आधीच कापून सोडले होते.

कामगारानं ती पट्टी बोटांनी पुसली, पुलावरच्या प्राचार्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब," तो म्हणाला, "हे तुमच्याच दुकानातलं हाय ना?"

आवाजात राग नव्हता. माहिती विचारावी तसं त्यानं विचारलं. माझ्या हातात दोरी होती. मी म्हणालो, "चार दुकानं आहेत गावात. लोक नांदेडहूनही छापून आणतात."

सरांनीही तो चष्मा ओळखला होता. त्यांनी घाईघाईनं खाली हात केला, "टाका, टाका ट्रॉलीत, मुलांचा फोटो राहिलाय." पट्ट्या ट्रॉलीत गेल्या, त्यांच्यावर गाळ पडला. मुलं रांगेत उभी राहिली, मागं माझा फ्लेक्स, फ्लेक्सवर माझ्याच ओळी. फोटोवाल्यानं मलाही बोलावलं. मी गेलो. फोटोत मी डावीकडून दुसरा आहे आणि हसतोय.

चाचा बाजेजवळून हे सगळं बघत होते. पंधरा पावलांवरून. पट्ट्या वर आल्या तेव्हा त्यांचा हात थांबला होता. मग ते खाली वाकले आणि परत कापूस सुटा करायला लागले. मी ठरवून टाकलं की त्यांना तेवढ्या लांबून दिसलं नसणार. असं ठरवायला काही लागत नाही.

पुढच्या आठवड्यात ते अकराच्या चहाला आले आणि खिशातून कागद काढला. पालिकेचं पत्र, सोबत निवेदनाची झेरॉक्स. "बघा भाऊ, काय म्हणून राहिलाय ह्यो."

मी वाचलं. महिनाभरात जागा खाली करावी. चाचांनी मान डोलावली. मग झेरॉक्सवर बोट ठेवून म्हणाले, "आन् सह्या कुणाकुणाच्या हायत?"

मी एकेक नाव वाचलं. किराणावाला. औषधवाला. चपलावाला. मग थेट पाचवं. कॉम्प्युटरवर बायकोची बोटं थांबलेली मला ऐकू आली. चाचांनी कपातला चहा संपवला, कागदाची घडी घातली, म्हणाले, "सगळे वळखीचेच हायत की," आणि गेले.  बायकोनं रात्री ताट वाढलं ते परक्याला वाढावं तसं, पुढं सरकवून.

ते चार आठवडे माझ्या हातात होते, हे मला आज सगळ्यात जास्त लागतं. पालिकेचं ऑफिस माझ्या दुकानापासून चालत सहा मिनिटं. आत जायचं, म्हणायचं की कापूस नव्हता, फ्लेक्स होता, माझा होता. दंड झाला असता. बाजारात दोन महिने लोकांनी टोमणे मारले असते. चाचांची शेड राहिली असती. रोज सकाळी मी जायचं ठरवायचो आणि रोज अकराला ते चहाला येऊन बसायचे. मी त्यांना लातूरच्या नातवाबद्दल विचारायचो. तो बरा होता, वजन वाढत होतं. या वयात चाचा जावयाच्या ओळखीनं लातूरला एका मोठ्या गादीवाल्याकडे कामाला लागणार होते. मालक असलेला माणूस नोकर होणार होता, आणि मी त्यांच्या नातवाचं वजन विचारत होतो.

ज्या दिवशी टेम्पो आला त्या दिवशी मी मदतीला गेलो. न जाणं जास्त दिसलं असतं. कापूस पिंजायची मशीन चढली, खोळींचे गठ्ठे चढले. शेडच्या मागच्या बाजूला काही राहिलंय का बघायला मी वळलो आणि थांबलो.

भिंतीला लागून पट्ट्यांच्या जुड्या रचल्या होत्या. कमरेएवढी उंच, आठ-दहा फूट लांब रास. धुतलेल्या, वाळलेल्या, एकेक जुडी गादीच्या दोऱ्यानं नीट बांधलेली. लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या. कुठं अर्धी नवरी, कुठं पुढाऱ्याचा हात, कुठं वसुंधरा दिनाचं झाड. माझी सगळी वर्षं तिथं होती. बाजूला टोकाला खिळा मारलेला एक लांब बांबू टेकवला होता.

चाचा मागं येऊन उभे राहिले. "ते राहू द्या," ते म्हणाले. "न्यायला जागा न्हाई टेम्पोत."

"हे तुम्ही काढायचात?"

"पहाटं फजरची नमाज झाली की. पुलाच्या मोरीत अडकून राहायचं ना. पाण्याला वाट पाहिजे." मग चूक कबूल करावी तसं ते म्हणाले, "त्या टायमाला लातूरला गेलो ते कुणाला सांगायचं राहिलं. पोरीच्या काळजीत सुचलंच न्हाई. कुणी काढलं असतं एवढे दहा दिवस, तर लोकांचं नुकसान झालं नसतं."

 मी म्हणालो, "चाचा, मला का नाही सांगितलं कधी?"

"तुम्हाला काय सांगायचं भाऊ? तुम्हाला ठावंच होतं की."

त्यांच्या आवाजात टोचणी असती तर मला सोपं गेलं असतं. मला रडू आलं आणि ते लपवता आलं नाही. मी म्हणालो की मी पालिकेत जातो, सगळं खरं सांगतो, लिहून देतो, सही करतो. कुणाची चूक होती ते सगळ्यांसमोर सांगतो.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वळून ड्रायव्हरला हात केला, "जरा थांब रे," आणि खांद्यावरचा रुमाल नीट करून मला म्हणाले, "चला मग. मी येतो संगं."

पुलाच्या पलीकडे किराणावाला आपल्या दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. औषधवालाही बाहेर आला होता.

मी म्हणालो, "आज रविवार आहे. ऑफिस बंद असेल."

चाचा म्हणाले, "हाव. रविवारच हाय." आणि ते टेम्पोत चाचीच्या शेजारी जाऊन बसले.